लुटीतला वाटा आणि घरखर्च : ब्रिटिश मालिका 'मिसेस बिग्ज'

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने २०१२ सालच्या सप्टेंबर महिन्यात दाखवलेली 'मिसेस बिग्ज' ही मालिका अवघ्या पाच भागांची आहे. एका संशयावर शंभर भाग काढणाऱ्या गुऱ्हाळाची सवय झालेल्या आपल्या घरांना पाच भागांत लग्न, दरोडा, तुरुंग, दोन खंडांवरची पळापळ आणि घटस्फोट एवढे सगळे कसे मावणार अशी शंका येईल. पण ते मावते, आणि शिवाय घरात एकट्या उरलेल्या बाईकडे सावकाश पाहत राहायला वेळही उरतो. जेफ पोप यांनी लिहिलेली आणि पॉल व्हिटिंग्टन यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका रॉनी बिग्ज या ब्रिटनमधल्या एका अतिशय गाजलेल्या फरारी कैद्याची गोष्ट त्याच्या बायकोच्या, म्हणजे शार्मियनच्या, बाजूने सांगते. माझ्या मते ती पाहण्यासारखी आहे, त्यातही शेवटचा भाग विशेष. मात्र तिच्यात एक उणीव आहे, आणि ती लहान नाही.

दरोड्याची हकीकत ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ८ ऑगस्ट १९६३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास ग्लासगोहून लंडनकडे निघालेली टपालगाडी बकिंगहॅमशायर परगण्यात खोट्या लाल सिग्नलवर थांबवण्यात आली. हिरव्या दिव्यावर हातमोजा चढवून आणि लाल दिव्याला बॅटऱ्या जोडून तो सिग्नल तयार केलेला होता. पुढे गाडी एका पुलावर नेऊन तिच्यातून १२० पोती उतरवली गेली, आणि त्यांत २६ लाख पौंडांहून अधिक रकमेच्या, बहुतेक वापरलेल्या, नोटा होत्या. ब्रूस रेनॉल्ड्स हा या कटाचा सूत्रधार. बिग्ज हा टोळीतला दुय्यम गडी. त्याच्याकडे मुख्य काम होते ते रेल्वेचे इंजिन चालवू शकेल असा माणूस शोधून आणण्याचे. त्याने एक वयस्क चालक आणलाही, पण त्याला ते डिझेल इंजिन जागचे हलवता आले नाही. म्हणजे नेमून दिलेले काम फसले आणि तरीही बिग्जच्या वाट्याला सुमारे १ लाख ४७ हजार पौंड आले. पुढे सगळ्या टोळीत त्याचेच नाव मोठे झाले ते तो तुरुंगातून पळाला म्हणून, आणि सापडूनही हाती लागला नाही म्हणून. दरोड्यातला त्याचा वकूब पाहिला तर ही प्रसिद्धी थोडी विनोदीच आहे, आणि मालिकेला या विनोदाची जाण आहे.

आगगाडीची लूट म्हटल्यावर आमच्या सातारा-सांगली भागातल्या माणसाला आधी शेणोली आठवते. ७ जून १९४३ रोजी स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली होती. ती रक्कम परक्या सरकारची होती आणि ती गेली लढ्याच्या कामी. बकिंगहॅमशायरच्या टोळीशी तिची तुलना कोणी करू नये, मीही करत नाही. सांगायचे ते एवढेच, की सत्तेची गाडी अडवणाऱ्याविषयीचे कौतुक आमच्या पाण्यातच आहे आणि ते पुष्कळदा पात्र-अपात्र न पाहता सांडते. वाळवा तालुक्यातल्या बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकर या गाजलेल्या फरारी माणसाच्या नावाचे पोवाडे कॅसेटवरून गावोगाव वाजले, आणि आजही यात्रेच्या मांडवाशेजारी एखाद्या टपरीवर ते कानावर पडतात. अशा गाण्यांत सूड असतो, धाडस असते, गरिबाला दिलेला हात असतो. माणूस फरारी असताना घरातली चूल कोणी पेटती ठेवली, पोलीस दारात आल्यावर उत्तरे कोणी दिली आणि शाळेत पोरांना काय ऐकून घ्यावे लागले, यासाठी त्यांत बहुधा कडवे नसते. 'मिसेस बिग्ज' ही त्या गाळलेल्या कडव्याची मालिका आहे. दरोड्याला तिने बेताचीच जागा दिली आहे आणि हिशेब मांडला आहे तो घराचा.

शार्मियन ही एका मुख्याध्यापकाची मुलगी. १९५७ साली, कामावर जाण्यायेण्याच्या लोकलगाडीत तिची रॉनीशी ओळख झाली. (म्हणजे या जोडप्याच्या आयुष्यात आगगाडी दोनदा आली, आणि दोन्ही वेळा महागात पडली.) तो तिच्यापेक्षा सुमारे दहा वर्षांनी मोठा, हवाई दलातून पळून गेल्याबद्दल बडतर्फ झालेला, आधीच तुरुंगाची हवा खाऊन आलेला, बोलका, हसरा, कोणाच्याही मनात पटकन जागा करणारा. घरी वडिलांचा शब्द अखेरचा, आणि घरातली हवा इतकी कोंडलेली की ही मुलगी पहिल्या उघड्या दारातून बाहेर पडणार हे आपल्याला तिच्याआधी कळते. येथपर्यंतची गोष्ट सांगलीतल्या कोणत्याही पेठेतली असू शकते. कडक शिस्तीच्या गुरुजींची मुलगी आणि तिला नको त्या माणसाने दाखवलेली मोकळीक ही जोडी आपण आजूबाजूला पाहिलेली असते.

पण पुढे मालिका जे करते ते आपल्या लेखकांना सहसा करवत नाही. प्रेमात पडलेली शार्मियन आपल्या मालकाच्या पैशांवर हात मारते आणि रॉनीबरोबर पळून जाते. दोघे पकडले जातात. तो तुरुंगात जातो, ती प्रोबेशनवर सुटते. ही घटना खरी आहे. नायिकेविषयी सहानुभूती मिळवायची असती तर लेखकाला ती गाळता आली असती, किंवा तिच्यावर भोळेपणाचे पांघरूण घालता आले असते. पोप यांनी ती गाळलेली नाही. त्यामुळे पहिल्या भागाच्या शेवटापर्यंत एक गोष्ट पक्की होते, की ही बाई कोणी फसवून नेलेली गाय नाही. धाडसाची चव तिलाही लागलेली आहे, आणि पुढचे सगळे भोग भोगताना तिच्या पदरात स्वतःच्या निर्णयाचाही थोडा भाग असणार आहे.

मराठी रंगभूमीने घडवलेल्या प्रेक्षकाला हे पचवायला थोडे जड जाते, कारण आपल्या मनातली दुर्दैवी नवऱ्याची बायको म्हणजे 'एकच प्याला' नाटकातली सिंधू. नागठाण्याच्या बालगंधर्वांनी ती अशी उभी केली, की नवऱ्याच्या व्यसनापायी जात्यावर दळण दळणारी आणि तरीही त्याच्याविषयी वावगा शब्द न काढणारी पत्नी हाच आपला नमुना होऊन बसला. सिंधूचा नवऱ्याच्या दोषात कणभरही हात नसतो, म्हणून तिच्यासाठी रडणे सोपे जाते. शार्मियनसाठी रडताना अधूनमधून थांबावे लागते, तिचा राग येतो, आणि पुन्हा तिच्याच बाजूला जाऊन बसावे लागते.

लग्न १९६० साली झाले. रॉनी सुतारकाम आणि बांधकामाची कामे करू लागला, दोन मुले झाली, आणि काही काळ तो खरोखरच सरळ मार्गाने चालला. मग स्वतःचे घर घेण्याची वेळ आली. सुरुवातीची रक्कम हाताशी नव्हती, म्हणून तो तुरुंगात ओळख झालेल्या रेनॉल्ड्सकडे उसने पैसे मागायला गेला, आणि पैशांऐवजी त्याला टपालगाडीच्या कामात भागीदारी मिळाली. घरासाठी कोणापुढे तरी हात पसरणे ही गोष्ट सांगली-मिरज-कुपवाडमध्ये रोज घडते. कोणी सोसायटीत जातो, कोणी मेहुण्याकडे, कोणी खासगी सावकाराकडे. मालिकेने या प्रसंगाला कोणतेही गूढ संगीत किंवा नियतीचा इशारा जोडलेला नाही, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. दरोड्याचे मूळ लोभात, सूडात किंवा गरिबीत न शोधता दोन खोल्या जास्तीच्या हव्या असण्यात शोधणे हे मला फार खरे वाटले.

रॉनी घरातून निघताना बायकोला सांगतो, की लांब गावी झाडे तोडण्याचे काम मिळाले आहे. नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या भावाचा मृत्यू होतो, आणि ही बातमी नवऱ्याला कळवावी म्हणून बायकोकडून पोलिसांची मदत मागितली जाते. पोलीस लाकूडतोड्यांत चौकशी करतात. असा कोणी माणूस तिथे नसतो. ज्या टोळीने सिग्नलपासून शेतघरापर्यंत सगळ्याची आखणी केली होती, तिच्यातल्या एकाची बतावणी घरातल्या साध्या सुतकाने उघडी पडते. असा योगायोग कोणी रचून लिहिला असता तर समीक्षकांनी ओढाताण म्हटले असते.

मग तो पैसे घेऊन घरी येतो. इथे मला वाल्या कोळ्याची गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही. नारदाने सांगितल्यावरून वाल्या घरी जाऊन विचारतो, की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी व्हाल का, आणि बायको सांगते, की आम्हाला पोसणे हे तुझे काम, पाप तुझे तुझ्यापाशी. लहानपणी आपल्याला ही गोष्ट सांगताना सगळे लक्ष वाल्यावर असते. तो पश्चात्तापाने रामनामाला बसतो, अंगावर वारूळ चढते, त्याचा वाल्मीकी होतो. ती बायको मात्र त्या उत्तरानंतर गोष्टीतून निघून जाते. तिने पुढे काय खाल्ले, मुलांना काय सांगितले, हे कोणी विचारत नाही. शार्मियनपुढे तोच प्रश्न येतो आणि ती नाही म्हणत नाही. पुढचे सगळे भाग त्या न दिलेल्या नकारावर उभे आहेत. ती पैसे पाहते, घाबरते, थोडी हरखतेही, आणि मग गृहिणीच्या सवयीने ते कुठे ठेवायचे याचा विचार करू लागते. ही तीन वळणे शेरिडन स्मिथ या अभिनेत्रीने एकही मोठा शब्द न वापरता दाखवली आहेत.

रॉनीला ४ सप्टेंबर १९६३ रोजी अटक झाली. दरोड्यानंतर टोळी लेदरस्लेड नावाच्या शेतघरात दडली होती, आणि तिथल्या सॉसच्या बाटलीवर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा शार्मियन पंचविशीत होती आणि पदरी दोन लहान मुले होती. सहानुभूतीचा पूर ब्रिटनमध्येही याच शिक्षेने आला. एवढी मोठी शिक्षा कशी, असे पुष्कळांना वाटले. मालिका या वादात फारशी पडत नाही. ती तीस वर्षांचे गणित बायकोच्या वयात मांडते, आणि तेवढे पुरते.

८ जुलै १९६५ रोजी रॉनी लंडनच्या वॉन्ड्सवर्थ तुरुंगाच्या भिंतीवरून दोरीच्या शिडीने पळाला. बाहेर सामान वाहून नेणारी एक मोठी गाडी त्यासाठी उभी करून ठेवली होती. सांगलीच्या गणेशदुर्गातला तुरुंग आणि २४ जुलै १९४३ ही तारीख ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांच्या अंगावर भिंत, शिडी आणि उडी हे शब्द ऐकूनच काटा येतो, पण स्वातंत्र्यलढ्यात त्या दिवशी तिथून निसटलेल्या वसंतदादा पाटलांच्या उडीमागचे कारण आणि या उडीमागचे कारण यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मालिकेला उडीपेक्षा तिच्या तयारीत रस आहे. पळण्याचा खर्च लुटीच्याच पैशातून झाला, आणि त्या व्यवस्थेत शार्मियनचा हात होता. म्हणजे आता ती नुसती गप्प बसणारी उरली नाही. वाल्याच्या बायकोने नाकारलेला वाटा तिने आपणहून उचलला. भेटीच्या दिवशी तुरुंगात नवऱ्यासमोर बसून ती जे बोलते आणि जे बोलत नाही, त्यातला ताण पाहताना मला भिंतीवरच्या प्रसंगापेक्षा जास्त धाप लागली.

यानंतर पॅरिस, तिथे रॉनीच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया, खोटी कागदपत्रे आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलिया. शार्मियन मुलांना घेऊन त्याच्यामागे जाते. आधी ॲडलेड, मग मेलबर्न. तिसरा मुलगा तिथेच जन्मतो. कुटुंब खोट्या नावाने राहते, रॉनी पुन्हा सुतारकाम करतो, उन्हात हसत हिंडतो. मधल्या या भागात मालिकेचा वेग पडतो. समुद्रकिनारे, अंगणातली जेवणे, शेजाऱ्यांच्या गप्पा यांना दिलेली मिनिटे निम्म्यावर आणता आली असती. पण एक गोष्ट या संथपणातूनही पोचते : लुटीचा पैसा किती झपाट्याने संपतो. लपवून ठेवणाऱ्याला द्या, पळवून नेणाऱ्याला द्या, डॉक्टरला द्या, पासपोर्टवाल्याला द्या. ज्या घरासाठी हे सगळे केले ते इंग्लंडातच राहिले आणि इथे पुन्हा महिन्याच्या पगारावर भाड्याचे घर चालवण्याची वेळ आली. फरक एवढाच, की आता दारावरची प्रत्येक थाप दचकवणारी.

मेलबर्नमध्ये रॉनी चॅनल नाइन या दूरचित्रवाणी केंद्रात नेपथ्य उभारण्याचे काम करत होता, आणि १९६९ साली तो मेलबर्नमध्ये असल्याची बातमी त्याच केंद्राच्या संध्याकाळच्या बातम्यांत आली. रॉनी निसटला. पोलीस आले ते शार्मियनकडे. काही महिने तिथेच लपून राहून तो १९७० च्या सुरुवातीला मित्राच्या पासपोर्टवर बोटीने निघाला आणि पुढे ब्राझीलला पोचला. ती तीन मुलांसह मागे राहिली, खोटे नाव गळून पडलेले, वार्ताहर फाटकाबाहेर उभे. तिने आपली कहाणी वर्तमानपत्रवाल्यांना विकली. काहींना हे उथळ वाटेल. मला मात्र तिने केलेल्या सर्व व्यवहारांत हा सर्वांत स्वच्छ वाटला, कारण या वेळी तिने विकले ते तिचे स्वतःचे होते.

शेरिडन स्मिथविषयी आता सविस्तर लिहायला हवे. या भूमिकेसाठी त्यांना २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. अठरा वर्षांच्या मुलीपासून पस्तिशीतल्या बाईपर्यंतचा प्रवास त्यांनी पांढऱ्या केसांच्या आणि सुरकुत्यांच्या आधाराने केलेला नाही. पहिल्या भागात वाक्याच्या शेवटी हसणारी ही मुलगी तिसऱ्या भागापर्यंत वाक्य पुरे करण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचू लागते, आणि पाचव्या भागात तिला कोणाच्या चेहऱ्याची गरजच उरत नाही. आपल्याकडे दुःख दाखवायचे म्हणजे कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आपटायचा, अशी एक वाईट सवय मालिकांना लागली आहे. साताऱ्याच्या आसपासच्या गावांत आणि वाईच्या घाटावर आता इतकी चित्रीकरणे होतात, की आमच्या भागातल्या पोरांना 'टेक' आणि 'रिटेक' तोंडपाठ झाले आहेत. त्यांतल्या ज्यांना अभिनय करायचा आहे त्यांनी स्मिथ यांच्या हातांकडे पाहावे. घाबरल्यावर ही बाई काही ना काही आवरायला घेते.

रॉनीच्या भूमिकेत डॅनियल मेज आहेत. हा माणूस आवडावा अशाच बेताने त्यांनी तो रंगवला आहे, आणि ते आवश्यक होते, नाही तर शार्मियनचे सगळे वागणे मूर्खपणाचे ठरले असते. तो मुलांशी खेळतो, बायकोवर खरोखर प्रेम करतो, आणि प्रत्येक मोठ्या क्षणी स्वतःला वाचवतो. ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींना खोटे ठरवत नाही, हे मेज यांना नेमके कळले आहे.

१९७१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात मोटार अपघात झाला. गाडी शार्मियन चालवत होती. थोरला मुलगा निकी त्यात गेला. तो दहा वर्षांचा होता. बाप तेव्हा ब्राझीलमध्ये लपलेला, त्याला ही बातमी पत्रातून कळली. या प्रसंगाविषयी जास्त लिहिणार नाही. पहिल्या चार भागांत ज्यांना शार्मियनविषयी राग आला असेल त्यांचा राग इथे कुठे जातो ते ज्याचे त्याने पाहावे. एवढे मात्र नोंदवतो, की मालिका या मृत्यूला पापाचे फळ म्हणून वापरत नाही. आपल्याकडे हा मोह आवरला नसता. एखादे पात्र देवघरासमोर उभे राहून ते बोलून गेले असते. इथे अपघात हा अपघातच राहतो, आणि त्या बाईला शिक्षा झाल्यासारखे वाटत असेल तर ते तिचे तिला वाटते, लेखकाला नाही.

१९७४ साली स्कॉटलंड यार्डचे जॅक स्लिपर रिओ दी जानिरोमध्ये रॉनीला पकडतात. ब्रिटन आणि ब्राझील यांच्यात गुन्हेगार परत देण्याचा करार नव्हता, आणि त्यातच कळते, की रायमुंडा नावाच्या त्याच्या मैत्रिणीला त्याच्यापासून दिवस गेलेले आहेत. ब्राझीलच्या नागरिकाचा बाप होणार म्हणून त्याला देशाबाहेर काढता येत नाही. पोलिसांच्या दृष्टीने ही कायद्यातली पळवाट. जगभरच्या वर्तमानपत्रांच्या दृष्टीने गंमत. शार्मियन ऑस्ट्रेलियाहून ब्राझीलला जाते, आणि मालिकेने हा सगळा प्रकार तिच्या जागेवरून दाखवला आहे. ज्या बाईने त्याच्यासाठी पैसे लपवले, देश सोडला, नाव सोडले, त्याच बाईला आता कळते, की नवऱ्याची सुटका दुसरीच्या पोटातल्या बाळामुळे होणार आहे, आणि तो सुटावा असे तिला तरीही वाटते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे दोन बायकांचे भांडण लावले असते. पोप यांनी शार्मियनला हिशेब करू दिला आहे, आणि हिशेब करून झाल्यावर ती उठते. पुढे घटस्फोट होतो. खऱ्या शार्मियनने मेलबर्नमध्ये विद्यापीठाचे शिक्षण घेतले, बिग्ज हे नाव टाकले आणि संपादनाच्या कामावर स्वतःचे पोट भरले.

आता उणिवेकडे येतो. दुसरा भाग आमच्या घरी पाहत असताना शेजारचे एक गृहस्थ सोबत होते. मिरजेला रेल्वेत इंजिन चालवून ते निवृत्त झाले आहेत. आणलेल्या म्हाताऱ्या चालकाला इंजिन हलवता येत नाही यावर आम्ही हसलो, तेव्हा ते हसले नाहीत. डबे तोडल्यावर ब्रेकचा व्हॅक्यूम पुन्हा बनल्याशिवाय गाडी हलत नसते, त्यात त्या माणसाचा काय दोष, असे ते म्हणाले, आणि लगेच विचारले, "मग मूळच्या ड्रायव्हरचं काय झालं?" मालिकेकडे या प्रश्नाचे उत्तर अपुरे आहे. त्या चालकाचे नाव जॅक मिल्स. टोळीतल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात लोखंडी कांब घातली, आणि आणलेल्या माणसाकडून काम होईना म्हणून रक्ताळलेल्या मिल्सकडूनच गाडी पुलापर्यंत नेववली. तो पुन्हा पूर्वीसारखा कामावर उभा राहू शकला नाही. १९७० साली तो वारला. मृत्यूचे कारण रक्ताचा कर्करोग होते, पण मधली सात वर्षे त्याने कशी काढली हे त्याच्या घरच्यांना ठाऊक. गंमत म्हणजे त्यालाही बायको होती.

एका बायकोच्या बाजूने गोष्ट सांगायची ठरवल्यावर दुसरीला पूर्ण न्याय देता येत नाही, हे मान्य. पण शार्मियनच्या घरात मिल्सचा विषय किती वेळा निघाला, वर्तमानपत्रात त्याचा पट्टी बांधलेला चेहरा पाहून ती काय म्हणाली, पैसे मोजताना तो तिच्या डोळ्यांसमोर आला का, हे विचारायला मालिकेला जागा होती. ॲडलेडच्या समुद्रकिनाऱ्यावर घालवलेली मिनिटे इथे वापरता आली असती. खरी शार्मियन या निर्मितीला सल्लागार म्हणून जोडलेली होती, आणि त्याचा फायदा घरातल्या बारकाव्यांत जागोजागी दिसतो. स्वतःच्या चोरीविषयीचा तिचा प्रामाणिकपणाही त्यातूनच आला असणार. माणूस स्वतःची चोरी सांगू शकतो, नवऱ्याची बेइमानी सांगू शकतो. आपल्या पैशांवर कोणाचे रक्त होते हे सांगणे त्याहून अवघड असते, आणि नेमके तिथे लेखकाने सल्लागाराच्या पुढे एक पाऊल टाकायला हवे होते. ते टाकले गेलेले नाही.

ज्यांना दरोड्याचीच हकीकत हवी आहे त्यांच्यासाठी बीबीसीने २०१३ च्या डिसेंबरात दोन भागांची वेगळी निर्मिती दाखवली. एक भाग दरोडेखोरांच्या बाजूने, दुसरा पोलिसांच्या. तिचा पहिला भाग प्रसारित झाला त्याच दिवशी, १८ डिसेंबरला, रॉनी बिग्ज वारला. तो २००१ साली आपणहून ब्रिटनला परतला होता, पुन्हा तुरुंगात गेला होता आणि प्रकृतीच्या कारणावरून २००९ मध्ये सुटला होता. 'मिसेस बिग्ज' आधी पाहावी आणि ती जोडमालिका नंतर, असा माझा सल्ला आहे. उलट्या क्रमाने पाहिल्यास शार्मियन पुन्हा कडेला ढकलली जाण्याचा धोका आहे.

भाषेची अडचण येऊ शकते. दक्षिण लंडनचे बोलणे भराभर आणि गिळून टाकल्यासारखे आहे, म्हणून इंग्रजी उपशीर्षके लावूनच पाहावे. आमच्याकडे ज्यांना बातम्यांचे इंग्रजी सहज कळते त्यांनाही पहिला अर्धा तास उपशीर्षकांशिवाय जमले नाही. जवळिकीची काही दृश्ये असल्याने लहान मुलांसोबत बसण्यासारखी ही मालिका नाही. पहिले चार भाग रोज एक असे पाहायला हरकत नाही, पाचव्यासाठी मात्र रात्रीची जेवणे आणि भांडी उरकून, मध्ये उठावे लागणार नाही अशी वेळ काढावी. शेजारच्या गृहस्थांनी तो भागही पाहिला. निघताना त्यांनी जॅक मिल्सविषयी इंटरनेटवर आणखी काही मिळेल का, असे विचारले आणि मुलाकडून ते नाव कागदावर लिहून घेतले.